गजूची दुसरी सिस्टीम

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. माणूस गावात असतो तोवर त्याचं रोजचं वागणं हे नुसतं वागणं असतं. तो गाव सोडून गेला की लग्नात, बारशात, कुणाच्या गॅलरीत चहा घेताना त्याचं नाव निघतं, आणि मग एकानं एक सांगितलं की दुसऱ्याला दोन आठवतात! आमच्या गजूचं तसंच झालं. तो आता अकोल्याला असतो आणि आम्ही अमरावतीत बसून त्याचे किस्से सांगतो. तो समोर बसलेला असताना सांगायचो तेव्हा जास्त मजा यायची.

गजू म्हणजे गजानन. गजू, विलास आणि मी कॉलेजपासूनचे. विलास नोकरीसाठी पुण्याला गेला. मी राजापेठेत ट्यूशन क्लास काढला, म्हणून गजू मला 'मॅडम' म्हणायला लागला. "अरे, एका बाकावर बसून कॉप्या केल्या आपण, मी मॅडम कधीपासून?" असं विचारलं, तर म्हणाला, "फळ्यासमोर उभी राहते ते मॅडम!" तो स्वतः राजापेठेतल्याच एका कॉम्प्युटरच्या दुकानात रिपेअरिंगला होता.

त्याला एकच नाद. जुना कॉम्प्युटर हळू चालायला लागला की लोक तो माळ्यावर टाकतात. गजूचं म्हणणं, टाकायचा नाही. त्यात विंडोज आहे, ती राहू द्यायची. डिस्कवर थोडी जागा करायची आणि तिच्या शेजारी लिनक्स बसवायची. फुकट, हलकी, जुन्या मशीनवरही पटकन उघडणारी. मग बटण दाबलं की आधी काळ्या पडद्यावर दोन्ही नावं येतात. बाणाची कळ दाबून पाहिजे ती निवडायची आणि एंटर मारायचा. आमच्या बोलण्यात विंडोज म्हणजे 'जुनी' आणि लिनक्स म्हणजे 'दुसरी'.

दर रविवारी तो कुणाच्या ना कुणाच्या घरी दुसरी बसवत असायचा. एक पैसा घ्यायचा नाही. त्याच्या डोक्यात एक दुकान होतं, फक्त जुन्या कॉम्प्युटरचं. लोकांनी माळ्यावरचे डबे काढून आणायचे आणि यानं ते चालते करून द्यायचे. पण मालकाची नोकरी सोडायची हिंमत होत नव्हती.

"मॅडम, मले शंभर गिऱ्हाइकं नोको," तो म्हणायचा. "एक मानूस पायजे. आपल्या मनानं, कोनी न सांगता, रोज दुसरी उघडनारा. असा एक भेटला ना, की दुसऱ्या दिवशी नोकरी सोडतो अन दुकान टाकतो!"

आम्ही हसायचो. एक माणूस भेटायला काय लागतं, असं वाटायचं.

*

अमरावतीतला पहिला बळी मीच.

माझ्या क्लासमध्ये तीन जुने कॉम्प्युटर होते. एवढे हळू, की सुरू करून हजेरी घ्यावी, तोवर जेमतेम जागे व्हायचे. एका रविवारी गजू आला. बाकीचे लोक खिशाला पेन लावतात, हा पेनड्राइव्ह लावायचा. संध्याकाळपर्यंत तिन्हींवर दुसरी बसली.

"हे पाहा मॅडम, दहा सेकंद थांबते ते. कोन्तं पायजे म्हनून इचारते. काई दाबलं नाई तं जुनी उघडते."

पुढच्या रविवारी चौकशीला हजर. "किती पोट्टे लावतात दुसरी?"

"एकही नाही."

गजू विचारात पडला. "काहून बरं? कळ दाबाचा कंटाळा येत असन. मंग उलटं करतो. काई दाबलं नाई तं दुसरी उघडीन!"

दुसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये पाऊल टाकलं, तर तिन्ही कॉम्प्युटरसमोर पोट्टे सावध बसलेले. पडद्यावर मेनू आला रे आला, की टक! टक! टक! बाण खाली, एंटर, जुनी चालू! ज्या पोरांना जूनपासून अपूर्णांकांची बेरीज शिकवून माझा घसा बसला होता, त्यांनी ही विद्या प्रार्थनेच्या आत एकमेकांना शिकवून टाकली होती.

मला वाटलं, गजूला वाईट वाटेल. पण छे! तो उलट खूश.

"म्हंजे मेनू वाचता येते पोट्ट्यायले! अर्धं काम झालं, मॅडम!"

उरलेलं अर्धं काही झालं नाही.

*

गजूच्या शेजारी सदूकाका राहायचे. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, वेळ भरपूर आणि कॉम्प्युटर जुना. गजूला आणखी काय पाहिजे!

दुसरी बसवल्यापासून काकांच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती बघावी लागायची. "बसा, एक गंमत दाखोतो," म्हणून काका कॉम्प्युटर लावायचे. पडद्यावर दोन नावं आली की बोट दाखवायचे, "पाहा! दोन हायेत!"

एकदा एका पाहुण्यानं विचारलं, "मंग कोन्ती वापरता, काका?"

"वापराले कायले पायजे?" काका उखडलेच. "हायेत ना!" आणि त्यांनी सरळ पाठीमागचं बटण बंद केलं. शोकेसमधला कपांचा सेट जसा पाहुण्यांना काचेतूनच दाखवतात, तसं ते प्रकरण होतं.

पण पुढचं ऐका. त्या घरात काहीही बिघडलं, की दोष दुसरीचा! ट्यूबलाइट फडफडली, "गजू, तू ते टाकल्यापासून फडफडून राहिली." बेल वाजेना, "तू ते टाकल्यापासून." आणि एक दिवस छताचा पंखा करकरायला लागला. मी सहज गजूकडे गेले होते, तर हा काकांच्या बैठकीत स्टुलावर उभा, एका हातात तेलाची कुपी, दुसऱ्या हातानं पंख्याची पाती धरलेली.

"अरे, पंख्याचा आणि तुझ्या सिस्टीमचा काय संबंध?"

"काईच नाई, मॅडम."

"मग?"

"काका चार घरी सांगतीन ना, दुसरीमुळं पंखा बिघडला म्हनून. पंखा दुरुस्त करून देल्ला की दुसरीचं नाव खराब होत नाई!"

तेव्हा मी पोट धरून हसले होते आणि विलासला फोन करून सगळं रंगवून सांगितलं होतं. आता तो स्टुलावर उभा असलेला आठवतो तेव्हा तेवढं हसू येत नाही.

*

गजूच्या आईनं एकदा खटपट करून स्थळ आणलं. मुलगी अचलपूरची. गजू, आई आणि मामा एसटीनं निघाले. आईनं त्याच्या खिशातला पेनड्राइव्ह काढून घरी ठेवला होता. पण दुसरा त्याच्या पँटच्या खिशात होता, हे तिला कुठं माहीत!

बैठकीत बोलणं सुरू झालं. शेती किती, नोकरी कुठं, गाव कोणतं. गजूची नजर मात्र कोपऱ्यात. तिथं टेबलावर पडदा टाकलेला एक जुना कॉम्प्युटर. मुलीच्या वडलांनी त्याची नजर पाहिली आणि सहज म्हणाले, "थो भंगारात द्याचा हाये."

झालं! 'भंगारात' म्हटल्यावर गजू बसून राहतो होय? तो उठला, खुर्ची ओढली आणि कामाला लागला. पोहे आले, निवले. मामा खाकरले, आईनं डोळे वटारले. मुलगी चहा घेऊन आली. यानं मान वर न करता कप घेतला आणि डब्यावर ठेवला.

मुलगी पण अशी, की आत गेली नाही. त्याच्या खुर्चीमागं उभी राहून बघत राहिली.

"याच्यात मराठीत लिहिता येते काय?" तिनं विचारलं.

"येते."

"नेट नसलं तरी?"

"चालते."

अख्ख्या बघण्याच्या कार्यक्रमात हा मुलीशी एवढंच बोलला. परतीच्या एसटीत आईनं विचारलं, "काय रे, कशी वाटली?"

"जुनी हाये, पन चालीन," गजू खिडकीबाहेर बघत म्हणाला. "रॅम वाढवा लागते."

पुढच्या सीटवरची बाईसुद्धा मागं वळून बघायला लागली!

नकार आला. आईनं मध्यस्थाकडून कारण काढलं. मुलीचं म्हणणं होतं, पोरगा चांगला आहे, पण त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. आईनं त्याला भरपूर झापलं. गजू निमूट ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "आई, तिनं मराठीचं इचारलं होतं वं. मी तिले नीट सांगतलंच नाई."

ती मुलगी पुढं परतवाड्याला दिली. तिच्या घरातला तो कॉम्प्युटर भंगारात गेला की राहिला, माहीत नाही. आणि गजूला नेमकं कशाचं वाईट वाटलं, हेही मी कधी विचारलं नाही. त्यानंतर त्याच्या आईनं तीन-चार ठिकाणी शब्द टाकला. पण ती उमेद काही परत आली नाही.

*

प्रमोदभाऊंचा किस्सा छोटा आहे. प्रमोदभाऊ लग्नपत्रिका छापतात. ऐन सिझनमध्ये त्यांचा जुना कॉम्प्युटर अडला, म्हणून गजूनं हौसेनं दुसरी बसवून दिली. तिच्यावर पत्रिका उघडली, तर सगळं मराठी गायब आणि त्याजागी इंग्रजी अक्षरांचा काला! जुने मराठी फॉन्ट तिला ओळखता येईनात. नेमका त्याच वेळी नवरदेवाचा काका प्रूफ बघायला आलेला. त्यानं चष्मा सारखा केला, 'आपले नम्र'च्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोन पाव्हने हायेत?"

प्रमोदभाऊंनी हात जोडले आणि परत जुनीवर गेले.

गजूच्या मात्र ते जिव्हारी लागलं. दुकानातून सुटला की तो रोज त्या फॉन्टच्या मागं. कुठून कुठून माहिती काढली, काय काय करून पाहिलं, चेहरा पार उतरला. आणि एके दिवशी जमलं! सगळ्या पत्रिका जशाच्या तशा दिसायला लागल्या, गणपतीच्या चित्रासकट. तो धावत प्रमोदभाऊंकडे गेला.

प्रमोदभाऊंच्या टेबलावर कोरा करकरीत कॉम्प्युटर होता. जुना डबा खाली आडवा पडलेला आणि त्याच्यावर पत्रिकांचे गठ्ठे.

"झकास काम केलं तू, गजू," प्रमोदभाऊ मनापासून म्हणाले. "पन थोडा उशीर झाला रे!"

*

मग अकोल्याचे भाऊजी आले.

भाऊजी म्हणजे गजूच्या बहिणीचे मिस्टर. अकोल्याला त्यांचं मोबाइलचं दुकान, धंदा जोरात, आणि भरवशाचा माणूस हवा होता. त्यांनी गजूला भागीदारीच देऊ केली. आईला स्वर्ग दोन बोटं उरला. गजूनं मात्र दिवाळीपर्यंत वेळ मागून घेतला.

"वेळ कायले पायजे तुले?" भाऊजींनी विचारलं.

"एक मानूस पाहून राहिलो," गजू म्हणाला.

भाऊजींना वाटलं, पोरगी! त्यांनी आनंदानं वेळ दिला.

दिवाळीच्या आधी गजू अमरावतीत घरोघर फिरला. ज्याच्या ज्याच्याकडं दुसरी बसवली होती त्याला विचारायचा, "खरं सांग, वापरतं काय?" आणि सगळे 'हाव हाव' म्हणायचे. कुणाला त्याचं मन मोडवत नव्हतं. पण एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती. दुसरी शेवटची कधी उघडली, हे तिच्यातच लिहिलेलं असतं! गजू आत जाऊन बघायचा आणि पुढच्या घराकडं निघायचा. सदूकाका म्हणाले, "रोज लावतो!" तर तिथं मेनू रोज येत असेलही, आत मात्र कुणी पाय ठेवलेला नाही.

माझ्याकडं आला तेव्हा मी क्लासमध्ये पेपर तपासत होते. त्यानं तिन्ही मशीन पाहिल्या आणि माझ्या टेबलापाशी येऊन बसला.

"मॅडम, तुमच्यावाल्या तं पयल्याच हप्त्यात झोपल्या. ते आजवर उठल्या नाई."

हे तो हसत म्हणाला. मीही हसले. मग चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "अकोल्याले जातो मी."

मला फार वाईट वाटलं. पण 'जाऊ नको' म्हणायला माझ्याकडं तरी काय होतं? त्याला पाहिजे होता तो एक माणूस माझ्या ओळखीत नव्हता.

*

जायच्या आधी गजूनं आणखी एक काम काढलं. जिथं जिथं दुसरी बसवली होती, तिथं जाऊन काढायची.

"राहू दे ना, गजू. काय खाते ती बिचारी?"

"जागा खाते ना, मॅडम. कोनी वापरतच नाई, तं लोकायची जागा कायले अडवून ठेवाची? आपन टाकली, आपनच काढून द्याची."

बसवताना जेवढी नीटनेटकी बसवली, तेवढ्याच नीटनेटकेपणानं काढायची. आधी आत जाऊन बघायचा, कुणाचं काही राहिलं तर नाही. कुठंच काही नसायचं. मग ती पुसायची, तिची जागा जुनीला जोडून द्यायची, मेनू काढून टाकायचा, आणि घरच्यांना सांगायचं, "आता सीधं उघडीन. काई इचारनार नाई."

लोक म्हणायचे, "बरं झालं बाप्पा!" एवढ्या वर्षांत त्याच्या कामाला एवढी दाद कधी मिळाली नव्हती.

*

आता राहिला एक किस्सा. हा आम्ही लग्नात, बारशात सांगत नाही. तो मला आणि गजूला माहीत आहे, आणि विलासला मी फोनवर सांगितला, तेवढंच.

विलासचं घर अंजनगाव सुर्जीला. घरची फुलशेती आणि थोडा भाजीपाला. तो पुण्याला जायच्या आधी गजूनं त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर दुसरी बसवून दिली होती. विलास नवीन लॅपटॉप घेऊन गेला आणि तो डबा गावातच राहिला. सगळीकडचं काढून झालं, हे एक घर उरलं. गजूच्या अमरावतीतल्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. म्हटलं, त्या निमित्तानं काकूंची, विलासच्या आईची, भेट होईल.

काकू अंगणात शेवंतीच्या ढिगापाशी बसल्या होत्या. आम्हाला पाहून हरखल्या. "आले वं माय! बसा बसा, चा ठेवतो," म्हणत आत गेल्या. आम्ही का आलो, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. विलासचे मित्र आले, एवढं त्यांना पुरेसं होतं.

समोरच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर. त्याच्यावर झालरीचं कव्हर, धुतलेलं. गजूनं विलासला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"विलास, तुह्या घरी आलो. दुसरी काढू काय?"

"काढ ना बे! तिथं कोन बसते त्याच्यावर?"

"काकू?"

विलास हसायला लागला. "आई? अबे, तिले टीवीचं रिमोट समजत नाई, मले पुन्याले फोन करते! काढून टाक."

गजूनं फोन ठेवला. इतक्या घरांत आत जाऊन बघितलं होतं. इथं तो आत गेलाच नाही. विलासचं घर, विलासनंच सांगितलं, आता काय बघायचं? त्यानं सरळ पेनड्राइव्ह लावला, दुसरी पुसली, तिची जागा जुनीला जोडली आणि मेनू काढला. स्वयंपाकघरात चहाला उकळी फुटायच्या आत सगळं आटोपलं. कॉम्प्युटर बंद करून, कव्हर घालून तो माझ्या शेजारी येऊन बसला.

"सुटलो, मॅडम," तो म्हणाला.

काकू चहा घेऊन आल्या. आमच्या हातात कप दिले, विलासच्या तब्येतीचं विचारलं, अकोल्याचं विचारलं. मग एकदम काहीतरी आठवल्यासारख्या उठल्या. "थांब गजू, तुले गंमत दाखोतो. तूच तं शिकोलं मले!"

"मी?" गजूनं विचारलं.

"मंग! तू विलासले सांगून राहिला होता तवा. थो तं जांभया देत होता. मी इथंच खाली फुलं निवडत बसली होती."

काकूंनी पदराला हात पुसले, कव्हर काढून घडी केली, खुर्चीवर बसल्या आणि बटण दाबलं. त्यांचं बोट आपोआप जाऊन बाणाच्या कळीवर थांबलं. पडद्याकडं बघत त्या थांबल्या. पडदा काही न विचारता पुढं गेला आणि जुनी उघडली.

"आँ? आज इचारलंच नाई यानं!"

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, परत लावला. बोट परत कळीवर. परत जुनी उघडली.

"कोन्तं पायजे म्हनून इचारते ना, थे?" त्या गजूकडं वळल्या. "खालचं घेतलं की माहं वावर निंगते."

"वावर? शेत?" मी विचारलं.

"चित्र वं! त्याच्यात रंगाचं हाये ना. वावर काढतो मी. झेंडू तिथं पिवळा, शेवंती तिथं पांढरा, वांगे तिथं जांभळा. दर हंगामाले नवीन काढतो. कोन्त्या साली कोन्त्या तुकड्यात काय होतं, समदं काढून ठेवेल हाये. विलास जायच्या सालापासून." काकू हसल्या. "थे वरचं लय वेळ लावते बाप्पा, अन दहा गोठी इचारते. थे खालचं कसं, पटकन उघडते. कोनाले काई इचारा लागत नाई."

गजू उठून कॉम्प्युटरपाशी गेला. माउसवर हात ठेवला आणि काढून घेतला. सगळं पुसून जागा जोडून झाली होती. त्यानं किती नीट काम केलं होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! मी खाली मान घालून चहा पीत राहिले. चहा गार झाला होता.

"काकू," गजू म्हणाला. "तुमी... रोज लावत होत्या ते?"

"रोज. दुपारचं जेवन झालं की."

"कोनी सांगतलं होतं लावाले?"

"कोन सांगनार? मीच लावतो आपल्या मनानं."

काकूंनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आमचे चेहरे बघून त्यांचं हसू मावळलं. त्यांनी कळीवरचं बोट हळूच उचललं आणि हात पदरात घेतला.

"काहून रे, गजू? लावाची नव्हती काय?"